हाकेची लांबी

रेडिओ केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबची खोली उच्चारबाईंची. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ते तिथून फारसं बाहेर पडलं नव्हतं. खोलीत एक टेबल, एक फोन, खिडकीत चहाची किटली आणि भिंतभर लाकडी कपाट. कपाटाला चौसष्ट खण आणि खणांत कार्डं. एका कार्डावर एक नाव, मग ते माणसाचं असो, गावाचं, नदीचं किंवा कुठल्याशा परक्या मंत्र्याचं. त्याखाली ते नाव कसं म्हणायचं, ते बाईंच्या किरट्या अक्षरात.

नावांचा तिथे एक घोळ होता. स्वर लांब म्हणायचा की आखूड, हे लिखाणात दाखवायची रीतच नव्हती. अक्षरं तीच, पण लांबवली तर नाव एकाचं आणि आखडली तर भलत्याचंच. ज्याचं नाव त्याच्या घरच्यांना खरं काय ते ठाऊक, बाकीचे अंदाजपंचे म्हणत. रेडिओवर अंदाजपंचे चालत नाही, म्हणून बाईंची नेमणूक. स्वर आखूड असेल तर त्या काही खूण करत नसत. थोडा लांब असेल तर स्वरापुढे एक टिंब, पुरता लांब असेल तर एकावर एक अशी दोन टिंबं. त्या शिकल्या त्या पुस्तकात ही टिंबं म्हणजे टोकाला टोक भिडवू पाहणारे दोन इवलाले त्रिकोण होते. पण दिवसाला दोनशे नावं उरकायची तर त्रिकोण कोण काढत बसणार? बातम्यांचे कागद प्रसारणाच्या आधी अर्धा तास त्यांच्याकडे येत आणि लाल पेन्सिलीची टिंबं अंगावर घेऊन परत जात.

"आज बातम्यांना गोवर जरा जास्तच आलाय," असं मुख्य वृत्तनिवेदक कागद हातात घेताना म्हणत. त्यांना केंद्रात सगळे खर्ज म्हणत, आवाजामुळे. ते बोलायला लागले की टेबलावरची पेन्सिल थरथरते, अशी एक अफवा होती. बाईंची आणि त्यांची मैत्री होती असं म्हणता येणार नाही. पण इतक्या वर्षांत बाईंनी दिलेलं एकही टिंब त्यांनी गिळलं नव्हतं, आणि बाईंच्या लेखी हे मैत्रीपेक्षा मोठं होतं.

मंगळवारी सकाळी नदीवरची लाँच उलटली. पलीकडच्या वस्तीतून शहराच्या बाजूच्या कागद कारखान्यात पहिल्या पाळीची माणसं घेऊन ती रोज यायची. त्या दिवशी पाण्याला ओढ होती, लाँच मधोमध आली आणि एका अंगावर झाली. तीन दिवस पाणबुडे शोध घेत होते. गुरुवारी दुपारी पोलिसांनी अंतिम यादी दिली. एकतीस नावं. केंद्राने ठरवलं की शनिवारी दुपारी एकच्या बातम्यांत ती सगळी वाचायची.

वृत्तसंपादक यादी घेऊन स्वतः वर आले. एरवी ते शिपायाकडून कागद पाठवत.

"सावकाश करा बाई, शनिवारपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले. "काही नावं तुमच्या कपाटात असतीलच. उरलेली तुमच्या अनुभवाने करून टाका."

बाईंनी यादीवरून नजर फिरवली. "अनुभवाने नाही करणार. घरोघर विचारते."

"या घरांना? आत्ता?"

"आत्ताच. शनिवारनंतर विचारून काय करू?"

संपादक खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता, तीन दिवसांत नीट झोपला नव्हता इतकंच. "बाई, त्या लोकांवर काय कोसळलंय. आणि आपण फोन करून विचारायचं, स्वर लांब की आखूड? तोंड उघडवेल तुम्हाला?"

बाईंनी टेबलाचा वरचा खण उघडला आणि एक पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी एका गोदामाचं छप्पर कोसळून चार हमाल गेले होते. बातमी ऐन वेळी आली, दहा मिनिटं हातात. एका नावाचं कार्ड नव्हतं. बाईंनी अनुभवाने दोन टिंबं दिली आणि खर्जांनी ती चोख वाचली. आठवड्याने हे पाकीट आलं. आत दोनच ओळी होत्या. 'तुम्ही वाचलेलं नाव माझ्या नवऱ्याचं नव्हतं. पोलीस दारात येईपर्यंत, पाऊण तास, मी समजत होते की ते दुसरंच कुणी आहे.'

संपादकांनी कागदाची घडी होती तशी घातली. "उत्तर पाठवलंत?"

"काय लिहू? तीन वेळा बसले. नाही जमलं."

संपादक उठले, आणि दाराशी जाऊन म्हणाले, "टेलिफोनवालीला सांगतो, तुमची लाइन मोकळी ठेवायला."

एकतिसांपैकी बावीस घरांना स्वतःचा नाहीतर शेजाऱ्याचा फोन होता. बाईंनी एक वाक्य कागदावर लिहून घेतलं, तीनदा खोडून चौथ्यांदा. मी रेडिओवरून बोलतेय. तुमच्या घरच्या माणसाचं नाव शनिवारी वाचणार आहेत. ते बरोबर वाचलं जावं, म्हणून विचारते. तुम्ही घरात कसं म्हणता, एकदा म्हणून दाखवाल?

पहिल्याच घरी वडिलांनी फोन घेतला. शाळामास्तर असावेत. "आमच्या नावात दुसरा स्वर आखूड," ते म्हणाले. "चार पिढ्या लोक तो लांबवतात. मी वर्गात हजेरी घेताना सांगायचो, पोस्टमनला सांगायचो, लग्नपत्रिका छापणाऱ्यालासुद्धा सांगितलं. कुणी ऐकत नाही. आता रेडिओवर एकदा बरोबर आलं म्हणजे..." बाईंनी फोन कानाशी धरून ठेवला. बऱ्याच वेळाने पलीकडून "आखूड, बरं का," एवढं आलं आणि लाइन बंद झाली.

एका बाईने वाक्य पुरं होण्याआधीच फोन आपटला. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. "मघाशी ठेवला मी. लांब. पहिलं लांब, दुसरं नाही."

एका घरी धाकटा भाऊ होता. तो म्हणाला, "दादा स्वतः लांब म्हणायचा, वहिनी आखूड म्हणते. आता वहिनीला विचारण्यात अर्थ नाही, ती बोलतच नाहीये."

"त्यांना कुणी हाक मारली तर कसं आवडायचं?"

"त्याला? त्याला सगळी पाळी बुटक्याच म्हणायची." तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. "लांब लिहा. दादा म्हणायचा तसंच लिहा."

बाईंनी दोन टिंबं दिली. गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारची सकाळ अशी गेली. लोक रागावतील असं त्यांना वाटलं होतं, त्या फोन आपटणाऱ्या बाईखेरीज कुणी रागावलं नाही. उलट पुष्कळांनी नाव एकदा म्हणून दाखवायच्या ऐवजी तीन-चारदा म्हटलं. नाव म्हणायला कुणीतरी सांगितलं, याचीच जणू वाट पाहत होते.

उरली फोन नसलेली नऊ घरं. ती सगळी नदीपलीकडे, कारखान्याच्या वस्तीत. लाँच बंद होती, म्हणून शुक्रवारी दुपारी बाई पुलावरून वळसा घेणाऱ्या बसने निघाल्या. दीड तासाचा रस्ता. वस्ती म्हणजे चार मजली सारख्या इमारती, जिन्यात सायकली, दोरीवर निळे डगले वाळत घातलेले. आठ घरं पाचच्या आत झाली. नववं तिसऱ्या मजल्यावर, नदीच्या अंगाला होतं.

दार एका चाळिशीतल्या बाईने उघडलं. गळ्यात मोजपट्टी होती. आत शिलाई मशीन, त्यावर अर्धी शिवलेली पडद्याची पट्टी, सुई कापडात तशीच रुतलेली. तिची मुलगी यादीतली सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची. कारखान्यात कोऱ्या कागदावरचे डाग शोधायचं काम करायची.

बाईंनी आपलं वाक्य म्हटलं. मुलीच्या आईने ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कागदावर काय आहे?"

बाईंनी यादी दाखवली.

"अक्षरं बरोबर आहेत. शेवटचा स्वर लांब. पण मी काही एकाच तऱ्हेने म्हणत नव्हते."

"म्हणजे?"

"चिडले की तोडून म्हणायचे. असं." तिने म्हणून दाखवलं. स्वर आखूड, कात्रीने धागा कापावा तसा. "रोजचं म्हणजे असं." या वेळी तो लांब होता, दोन टिंबांचा. "आणि लहान होती ना, तेव्हा दिवसभर खाली काठावर असायची. जेवायला बोलवायचं तर या खिडकीतून हाक द्यावी लागायची. तेव्हाचं वेगळं."

"ते म्हणून दाखवाल?"

आईने मान हलवली. "घरात नाही म्हणता येणार. ते फार लांब आहे."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग आईने विचारलं, "रेडिओ कुठवर ऐकू जातो?"

"सगळ्या देशात. हवा चांगली असेल तर पलीकडेही."

"मग ते लांबचं लिहा," ती म्हणाली. "रोजचं नको. खिडकीतलं लिहा."

बाईंनी पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली. सत्तावीस वर्षांत त्यांच्याकडे दोन टिंबांपुढची खूण नव्हती, कधी लागलीच नव्हती. "लिहिते," त्या म्हणाल्या, आणि यादीत त्या नावापुढची जागा मोकळी सोडून बाहेर पडल्या.

बाई थोरल्या बहिणीजवळ राहायच्या. ताई मुलांना घरी गाणं शिकवायची, कागदावरचे सूर वाचून म्हणायचं गाणं. बाई घरी पोचल्या तेव्हा शेवटचा विद्यार्थी चपला घालत होता आणि ताई फळ्यावरचे गोल पुसत होती. पोकळ गोल चार मात्रांचा, पोकळ पण दांडीचा दोन मात्रांचा, भरीव एका मात्रेचा, आणि गोलाशेजारी टिंब आलं की त्याची लांबी निम्म्याने वाढते. दोघी बहिणींचं आयुष्य टिंबं देण्यात गेलं, असं ताई म्हणायची.

"चारांपेक्षा लांब काय असतं तुमच्यात?" बाईंनी विचारलं.

"दोन गोल कमानीने जोडायचे, की आठ. तीन जोडले की बारा. किती हवंय?"

"किती ते ठाऊक नाही. हाक मारायची आहे. नदीकाठापर्यंत."

ताईने धाकट्या बहिणीकडे नीट पाहिलं. मग फळ्यावर एक भरीव गोल काढला आणि त्याच्या डोक्यावर एक उलटी वाटी, वाटीत एक टिंब. "हा थांबा. हा डोक्यावर आला की मात्रा मोजायच्या नाहीत. कितीचा ते कागद सांगत नाही, गाणारा ठरवतो." खडू ठेवताना ती म्हणाली, "सुरावरच असतो असंही नाही. कधी रिकाम्या जागेवर देतात. सगळे गप्प, आणि किती वेळ गप्प ते कुणी मोजत नाही. मुलांना तेच सगळ्यात अवघड जातं."

शनिवारी नऊ वाजता बाईंनी यादी खर्जांपुढे ठेवली. एकतीस नावं स्वच्छ टंकलेली, लाल टिंबं दिलेली, आणि तेविसाव्या नावाच्या शेवटच्या स्वरावर ती उलटी वाटी.

खर्जांनी यादी बोट ठेवून, ओठ हलवत वाचली. तेविसाव्या नावाशी बोट थांबलं. "हा थांबा आहे. लहानपणी मी गायनवृंदात होतो, आवाज फुटायच्या आधी. इथे का?"

बाईंनी सगळं सांगितलं. खिडकी, काठ, हाक. खर्ज ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"मी हे वाचणार नाही."

"तिच्या आईने मागितलंय."

"तिने मागितलं, कारण तुम्ही तिच्या दारात गेलात आणि तिला मागावंसं वाटलं. बाकी तिसांना असं काही मागता येतं हेच माहीत नाही. एका नावावर मी थांबायचं आणि तीस नावांवरून पुढे जायचं? त्यांच्या आयांनी काय केलंय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, होता त्याहून खाली गेला होता. "आणि ती हाक तिच्या आईची आहे. मी ती मारली तर सोंग होईल."

ते खरं होतं, आणि आदल्या संध्याकाळपासून ते बाईंना आतून टोचत होतं. त्यांनी खोडरबर घेतला. लाल पेन्सिल नीट खोडली जात नाही, कागदावर गुलाबी डाग राहिला. डागाशेजारी त्यांनी नेहमीची दोन टिंबं दिली. यादी पुन्हा खर्जांकडे सरकवली, त्यांनी हात पुढे केला, आणि बाईंनी ती परत ओढून घेतली.

"एक मिनिट द्या."

पहिल्या नावानंतर, ओळीच्या टोकाला, जिथे काहीच टंकलेलं नव्हतं तिथे त्यांनी उलटी वाटी काढली. मग दुसऱ्या नावानंतर. मग तिसऱ्या. खर्ज बघत होते. एकतिसावी वाटी काढून बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"प्रत्येकाला," बाई म्हणाल्या. "नाव तुम्ही म्हणा, जसं त्यांच्या घरी म्हणतात तसं. पुढची जागा त्यांची. त्यांना जे करायचं ते."

"किती वेळ?"

"ते मी कसं सांगू? ताई म्हणते, गाणारा ठरवतो."

खर्जांनी यादी घेतली आणि घडी न घालता फाइलमध्ये ठेवली. संपादकांना सांगणं भाग होतं. यादीला चार मिनिटं राखली होती, आता आठ लागतील, कदाचित दहा. संपादकांनी कपाळ चोळलं आणि हवामानाच्या बातम्या काढून टाकल्या. उरली घंटा. प्रसारणात सहा सेकंद आवाज आला नाही, की तंत्रज्ञाच्या खोलीत घंटा ठणाणायची आणि यंत्र आपोआप संगीताची तबकडी लावायचं.

तंत्रज्ञ म्हातारा होता, निवृत्तीला चार महिने उरलेला. सगळं ऐकून तो म्हणाला, "तारच काढून ठेवतो. कुणी विचारलं तर उंदराने कुरतडली."

बाईंना स्टुडिओत थांबायचं होतं, पण त्या आईला आपण 'लिहिते' म्हणून आलो आहोत, हे त्यांच्या मनातून जाईना. अकराची बस पकडून त्या पुन्हा वस्तीत गेल्या.

आईने आज मशीन झाकून ठेवलं होतं. कपाटावर रेडिओ होता, आधीच लावलेला, बारीक आवाजात.

"तुम्हाला सांगायला आले," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "खिडकीतलं नाही म्हणणार. रोजचंच म्हणतील. एकीला लांब म्हटलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल, असं वृत्तनिवेदक म्हणाले, आणि मला ते पटलं. नावानंतर थोडी जागा सोडलीय. सगळ्यांच्याच."

"जागा कशासाठी?"

"मला नीट सांगता येत नाही."

आईने एक स्टूल पुढे ओढलं, त्यावर कापडाचा तुकडा फिरवला. "आलाच आहात तर बसा."

एक वाजला. खर्जांनी दोन वाक्यांत घटना सांगितली आणि यादी सुरू केली. पहिलं नाव. शाळामास्तरांचा मुलगा, दुसरा स्वर आखूड. आणि मग रेडिओ गप्प झाला. खिडकीबाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. दुसरं नाव. पुन्हा गप्प. बाई आयुष्यभर आवाज ऐकत आल्या होत्या, पण रेडिओतली ही शांतता त्यांना सोसवेना. चौथ्या-पाचव्या नावापर्यंत त्या नकळत सेकंद मोजत होत्या, मग मोजणं सुटलं.

आई नावं ओळखत होती. "हा फोरमन," ती मध्येच म्हणाली. "हिचं लग्न ठरलं होतं." "हा खालच्या मजल्यावरचा." त्या नावानंतरच्या शांततेत जमिनीखालून, म्हणजे खालच्या घरातून, एका म्हातारीचं बोलणं ऐकू आलं. शब्द कळले नाहीत. रडणं नव्हतं ते. कुणाशी तरी ती रोजचं काही बोलत होती.

तेविसावं नाव आलं. खर्जांनी ते शेवटचा स्वर लांब ठेवून म्हटलं, दोन टिंबांइतकं, ना कमी ना जास्त. आईचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती रेडिओकडे बघत राहिली, हात मांडीवर, आणि शांतता संपली. चोविसावं नाव आलं. बाईंनी मान खाली घातली.

पंचविसावं नाव एका म्हाताऱ्या वायरमनचं होतं. त्याच्यानंतरची शांतता सुरू झाली आणि आई उठली. तिने खिडकीची कडी काढली, दोन्ही तावदानं ढकलली, चौकटीवर दोन्ही हात रोवले आणि मुलीला हाक मारली. शेवटचा स्वर तिने सोडला तो सोडलाच. तो खालच्या अंगणावरून, सायकलींवरून, काठावरच्या रिकाम्या धक्क्यावरून पुढे गेला. तिचा श्वास पुरेपर्यंत तो चालला आणि मग आपसूक बारीक होत संपला. काठावर कुणी दोघं-तिघं उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांनी टोप्या काढल्या.

ती जागा वायरमनची होती. त्याची हरकत असेल असं बाईंना वाटलं नाही.

यादी संपली तेव्हा एक वाजून चौदा मिनिटं झाली होती. आईने रेडिओ बंद केला, खिडकी मात्र उघडीच ठेवली. तिने चहा केला. चहा पिता पिता मुलीबद्दल सांगत राहिली. तिला कागदातला डाग आधी बोटाला कळायचा, मग डोळ्यांना. हट्टी होती. मंगळवारी डबा विसरून निघाली होती, पण अर्ध्या जिन्यातच आठवलं आणि परत आली; धक्क्यावर पोचून आठवलं असतं, तर तिची लाँच चुकली असती. बाईंनी कप तिच्या हातातून घेऊन खाली ठेवला आणि हात हातातच राहू दिला.

निघताना आईने विचारलं, "तुमचं नाव काय हो? दोनदा आलात, मी विचारलंसुद्धा नाही."

बाईंनी नाव सांगितलं. आईने ते म्हणून पाहिलं. पहिला स्वर लांबवला. तो आखूड होता. बाई "बरोबर" म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

सोमवारी केंद्रात पत्रांची पोती आली. काही लोकांना आपला रेडिओ बिघडला असं वाटलं होतं आणि त्यांनी तो ठोकून पाहिला होता. एका गृहस्थांनी हवामान न सांगितल्याबद्दल तक्रार केली होती. बरीच पत्रं कागद कारखान्याशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांची होती. त्यांनी त्या जागांत आपापली नावं घेतली होती, असं लिहिलं होतं. वरून विचारणा झाली, संपादकांनी उंदराचं उत्तर पाठवलं, आणि पुढे कुणी पाठपुरावा केला नाही.

"किती थांबायचं ते कसं ठरवलंत?" बाईंनी खर्जांना विचारलं.

"ठरवलं नाही," ते म्हणाले. "पुढचं नाव वाचायचा धीर यायला प्रत्येक वेळी जेवढा वेळ लागला, तेवढा."

वसंतात मुलीची आई केंद्रात आली. धुतलेला कोट, हातात पिशवी. त्या दुपारचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळेल का, असं तिने खालच्या खिडकीवर विचारलं होतं. म्हातारा तंत्रज्ञ त्याच आठवड्यात निवृत्त होणार होता. त्याने फीत शोधून यंत्रावर चढवली आणि आईला मधल्या खुर्चीवर बसवलं. बाई शेजारी बसल्या. आईने सगळी नावं ऐकली. मग म्हणाली, "आमच्या नावाच्या पुढची जागा तेवढी परत लावाल?"

तंत्रज्ञाने फीत हाताने मागे फिरवली. नाव आलं, आणि मग शांतता. कर्ण्यातून अगदी बारीक खरखर येत होती, आणि मध्ये एकदा, कागदावरून काही सरकल्यासारखा आवाज.

"हा कसला?" आईने विचारलं.

"वृत्तनिवेदकांचा हात," बाई म्हणाल्या. "ते बोट ठेवून वाचतात."

"बरं," आई म्हणाली. "अजून एकदा लावता?"

तंत्रज्ञाने पुन्हा फीत मागे घेतली.